खोलीची सोयरीक

माझ्या आत्यानं उभा जन्म अकोला आणि अमरावती या दोन जिल्ह्यांतली लग्नं जुळवली. मी खोल्या जुळवते. फरक एवढाच की आत्याला मानाचं पातळ मिळायचं आणि मला तक्रारी मिळतात.

अमरावतीच्या एका कॉलेजात मी शिकवते आणि त्याच कॉलेजच्या मुलींच्या एका लहानशा वसतिगृहाची रेक्टर आहे. वसतिगृह ‘कमवा आणि शिका’वाल्या मुलींचं. मुलीनं रोज थोडा वेळ कॉलेजचं काम करायचं. कुणी मेसच्या पोळ्या लाटते, कुणी रोपवाटिकेत मातीच्या पिशव्या भरते, कुणी वाचनालयात पुस्तकं लावते. त्या बदल्यात खोली आणि जेवण. एका खोलीत दोघी, आणि कुणाची पार्टनर कोण हे मी ठरवायचं. गॅदरिंगच्या नाटकांत मी राणी झाले, चेटकीण झाले, एकदा तर मिशा लावून सेनापतीही झाले. पण नियतीची भूमिका मला वर्षातून एकदाच मिळते, प्रवेशाच्या दिवसांत, आणि ती मी कुणाला देत नाही.

आमचे प्राचार्य म्हणतात, मार्क बघा, शाखा बघा, लावून टाका. मी मार्क बघत नाही. मी प्रत्येकीला माझ्या स्वयंपाकघरात बोलावते आणि पोहे खायला घालते. शेंगदाणे आधी खाते की शेवटाला ठेवते, बशी उचलते की तिथंच सोडते, पंख्याखालची खुर्ची धरते की दाराजवळची, हे सगळं मी चहा गाळता गाळता बघून घेते. खोली काही तत्त्वांवरून मोडत नाही. ती पंख्यावरून मोडते, पहाटेच्या गजरावरून मोडते, आणि गावाहून आलेला डबा कुणी किती खाल्ला यावरून मोडते.

मुलींना आमच्याकडे गावाच्या नावानंच ओळखतात. परतवाड्याची, चांदूर रेल्वेची, असं. त्या वर्षी तिवशाची एक आली. ती खरं तर तिवशाच्याही आतल्या एका खेड्यातली, पण ‘तिवशाची’ म्हटलं की झालं. कॉलेजात येणारी घरातली पहिली मुलगी. विज्ञान शाखा, पोह्यातले शेंगदाणे शेवटाला ठेवणारी, बशी स्वतः धुऊन पालथी घालणारी. अशी समंजस मुलगी कुणाहीबरोबर राहील, असा हिशेब करून मी तिला तात्पुरतं चांदूर रेल्वेच्या खोलीत टाकलं. चांदूर रेल्वेची म्हणजे आमच्या वसतिगृहातली सर्वांत शांत मुलगी. तिचं पुस्तकाचं पानसुद्धा आवाज न करता उलटायचं.

पुढच्याच आठवड्यात तिवशाची माझ्या दारात उभी. डोळे सुजलेले, हातात बॅग.

“मॅडम, मी घरी जातो.”

“काय झालं? भांडण?”

“नाई. ते तं बोलतच नाई. मले झोपच येऊन नाई राहिली.”

मी तिला आत घेतलं, स्टुलावर बसवलं आणि शेंगदाण्याची चटणी करायला मिक्सर लावला. वळून बघते तो ही भिंतीला डोकं टेकून गाढ झोपलेली. मी मिक्सर बंद केला. ती दचकून जागी झाली. मी मिक्सर लावला. झोपली. बंद केला. जागी. खरं सांगायचं तर चटणी केव्हाच झाली होती, पण मला मजा वाटायला लागली होती, म्हणून मी आणखी थोडी बारीक केली.

मग हळूहळू उलगडलं. तिच्या वडलांची पिठाची गिरणी. घर आणि गिरणी यांच्यामध्ये एकच भिंत, आणि तिची बाज जन्मापासून त्या भिंतीला लागून. गावात लाइनीचा, म्हणजे विजेचा, भरवसा नाही. लाइन आली की गिरणी सुरू, मग वेळ कोणतीही असो. पट्ट्याची फडफड आणि जात्याची घरघर हीच तिची अंगाई. शांततेत तिला वाटायचं, काहीतरी बिघडलं आहे.

आता माझ्याकडे दुसऱ्या टोकाला अकोल्याची होती. दुसऱ्या वर्षाची, प्राणिशास्त्रवाली, मेसच्या पोळ्यांवर. हुशार, पण तिच्याजवळ पार्टनर टिकत नसे. कारण ती अभ्यास मोठ्यानं करायची. मोठ्यानं म्हणजे खोलीत येरझारा घालत, समोर वर्ग बसलेला आहे असं समजून, हातवारे करून. आधी पुस्तकातलं इंग्रजी वाक्य खणखणीत म्हणायचं आणि मग ते स्वतःलाच वऱ्हाडीत समजावून सांगायचं. आधीच्या पार्टनर एकामागून एक पळाल्या होत्या. एकीनं जाताना मला सांगितलं होतं, “मॅडम, मी कला शाखेची आहे, पन मले झुरळाचे सारे पाय पाठ झाले.”

आवाजाशिवाय झोप न येणारी एक आणि आवाजाशिवाय अभ्यास न होणारी एक. त्या दिवशी आत्या हयात असती तर तिनं मला जवळ घेतलं असतं. मी लगेच दोघींना एका खोलीत घातलं. तिवशाची पहिल्या रात्रीच अशी झोपली की सकाळी रोपवाटिकेवर जायला उठवावी लागली.

पण सोयरीक एवढ्यावर जमत नसते. रविवारी तिवशाचे वडील आले, सोबत तिचे मामा. वडील आडव्या बांध्याचे, इस्त्रीचा पांढरा सदरा, भुवयांत पिठाचा बारीक थर कायमचाच बसलेला. गिरणीवाल्या माणसाप्रमाणे ते समोर बसलेल्याशीही गच्चीवरच्या माणसाशी बोलावं तसं बोलत. मामा गॉगलवाले, गळ्यात दुपट्टा.

“मॅडम, पोरगी ठेवतो,” वडील म्हणाले. “तिच्या मायची लय इच्छा आहे. पन कोनासंगं राहीन ते पाहून. नाई तं आजच संगं नेतो.”

“पार्टनर अकोल्याची आहे. चांगली मुलगी आहे.”

“अकोल्याची म्हंजे कोनाची?” मामांनी विचारलं. “आडनाव काय?”

“ते बाई मला आठवेना,” मी म्हणाले. खोटं बोलले, पण रंगभूमीवर काम केलेलं असल्यानं चांगलं बोलले.

“मंग घर पाहू,” वडील म्हणाले. “सोयरीक करतानी आपन घर पाहतोच ना. मी दोन पोरांची लग्नं केली. दोन्ही टायमाले घर पाहून केली.”

मुलगी तिथंच खाली मान घालून उभी होती. बॅग पुन्हा भरायची की नाही हे आता अकोल्याच्या एका घरातल्या चहावर ठरणार होतं. आणि मला, देवा शपथ, हसू आवरत नव्हतं. मी म्हटलं, “चला की मग. मीही येते. मध्यस्थ नको का?”

अकोल्याच्या आईला मी फोन लावला. त्या घरी डबे करून देत.

“पाहुणे येऊन राहिले,” मी सांगितलं.

“कोनाले पाहाले?”

“तुमच्या मुलीला.”

पलीकडे बराच वेळ फोडणीचाच आवाज. मग, “मॅडम, तिले तं शिकाचं आहे अजून.”

“लग्नासाठी नाही. खोलीसाठी.”

“खोलीसाठी पाहुने?” त्या म्हणाल्या. “बरं. या. पोहे टाकते.”

भाड्याच्या जीपमध्ये पुढे वडील आणि मामा, मागे मी आणि दोन्ही मुली. बडनेरा गेलं, मूर्तिजापूर गेलं, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सोयाबीन गुडघाभर उभं होतं. तिवशाची जीपच्या इंजिनाच्या आवाजात झोपली ती थेट अकोल्यातच उठली. अकोल्याची मात्र खिडकीतून बाहेर बघत राहिली. मूर्तिजापूरच्या पुढे ती मला हळूच म्हणाली, “मॅडम, हे लोक आमचं घर पाहून वापस गेले तं हिलेच घेऊन जातीन. मले काही नाई होनार. हिचं कॉलेज जाईन.” ते मलाही ठाऊक होतं. मी गंभीर चेहरा करून पुढे बघत बसले, आणि हा चेहरा मला फारसा जमत नाही.

घर दोन खोल्यांचं, स्वच्छ. समोरच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्या शेजारी निळ्या कोटातला तो फोटो, दोन्हींना ताजा हार. आडनाव विचारायची गरजच उरली नाही. मामांनी गॉगल काढला, भिंतीकडे बघितलं, वडलांकडे बघितलं आणि गॉगल पुन्हा लावला. गावाकडे बैठकीत बसतात तसे वडील खुर्चीच्या कडेवर बसले.

पोहे आले. वरून सांभार म्हणजे आमची कोथिंबीर, शेव, लिंबाची फोड.

“माहा उपास आहे,” मामा म्हणाले.

“कोनता?” अकोल्याच्या आईनं विचारलं.

“रविवारचा.”

“मंग साबुदाना टाकते. वेळ नाई लागत.”

“नाई, नाई. कायले तकलीफ.”

“तकलीफ कायची? डबेवाली बाई आहे मी. भगर चालते का?”

मामांची फार ओढाताण झाली. शेवटी केळं घेतो म्हणाले. केळं आपल्या सालीतच येतं, त्यामुळे ते चाललं.

वडलांनी पोह्यांची बशी मांडीवर ठेवली होती, पण चमचा उचलला नव्हता. बशी तशीच ठेवून त्यांनी मुलाकडच्या मंडळींच्या थाटात चौकशी सुरू केली. दोन मुलांच्या लग्नांत हा पाठ त्यांचा पक्का झाला होता.

“पोरीले सैपाक येते का?”

“मेसच्या पोळ्या मीच करतो काका,” अकोल्याची म्हणाली. “तुमची पोरगी रोज खाते. अजून तं जित्ती आहे.”

“सकायी किती वाजता उठते?”

“तिच्या आधी.”

“मोठ्यानं बोलते म्हंते कॉलेजात.”

“हो. हळू बोललं तं मलेच आयकू येत नाई.”

मामांनी केळ्याचं साल बशीत ठेवलं आणि वडलांना डोळ्यांनी खूण केली, चला. वडलांनी बशी टीपॉयवर ठेवायला हात पुढे केला. तिवशाची माझ्याशेजारी बसली होती. तिचा हात माझ्या पदराला लागला आणि तिथंच राहिला.

तेवढ्यात अकोल्याच्या आईनं पदर खोचला आणि त्या वडलांच्या अगदी समोर पाटावर बसल्या.

“तुमचं इचारून झालं? आता आमी इचारू?”

“तुमी?”

“हो ना. आमची बी पोरगी तुमच्या पोरीसंगं राहीन. तुमची कशी आहे, आमाले काय मालूम?”

वडील गोंधळले. “पन पाहाले तं आमी आलो.”

“आले. पन भाऊ, यात पोराकडचं कोन आहे?” त्या म्हणाल्या. “तुमी बी पोरीवाले, आमी बी पोरीवाले. दोघायले बी सारखंच भेव.”

मी आयुष्यात बरीच नाटकं बघितली. पण एका माणसाच्या चेहऱ्यावरून सासऱ्याचा रुबाब उतरून तिथं मुलीचा बाप येऊन बसताना मी तेव्हाच बघितला. त्यांनी दोन मुलगे उजवले होते. मुलीच्या बाजूनं कुणाच्या घरी बसायची ही त्यांची पहिलीच वेळ. इतका वेळ ते दुसऱ्याच लग्नातलं भाषण म्हणत होते आणि हे त्यांच्या त्या क्षणी लक्षात आलं.

“इचारा,” ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज खोलीत मावला.

अकोल्याच्या आई त्यांच्याकडे बघतच नव्हत्या. त्या तिवशाचीकडे वळल्या. “काव माय, खोली झाडतं का?”

“झाडतो.”

“तोंड फुगवून बसतं का?”

“नाई.”

“मायची आठवन आली तं रडतं का?”

“रडतो.”

“मंग?”

“मंग झोपतो. आवाज असला तं.”

त्या हसल्या. वडलांनी बशी पुन्हा मांडीवर घेतली, एक चमचा पोहे खाल्ले आणि खाली बघत विचारलं, “ताई, मी येवढंच इचारतो. माह्या पोरीले ताप-गीप आला, तं मले फोन कोन करीन?”

“मी करीन,” अकोल्याची म्हणाली. “नंबर द्या. अन् उचलजा. गिरनीत आयकू नाई आलं म्हनू नका.”

इतका वेळ कोपऱ्यात बसलेल्या अकोल्याच्या वडलांनी आता कानाशी हात नेला. ते ट्रकच्या बॉड्या बांधणाऱ्या गॅरेजात पत्रा ठोकतात. ठोकून ठोकून त्यांच्या कानांनी रजा घेतली आहे. म्हणूनच लहानपणापासून लेक त्यांना पेपर मोठ्यानं वाचून दाखवायची आणि तीच सवय वसतिगृहात आली. हे मलाही तिथंच कळलं.

“काय म्हंते पाहुने?” त्यांनी ओरडून विचारलं.

“गिरनी,” तिवशाचे वडील त्याहून मोठ्यानं म्हणाले. “पिठाची.”

“पट्टा घसरते का?”

“लय घसरते. बेरिंग बी आवाज करते.”

“कसा आवाज? किरकिर का खडखड?”

त्यानंतर त्या खोलीत जे सुरू झालं त्याला संवाद म्हणावं की आणखी काही, मला ठरवता येत नाही. दोन माणसं एकमेकांपासून हातभर अंतरावर बसून बेरिंगचे आवाज तोंडानं काढून दाखवत होती. मामा मधोमध. त्यांनी दुपट्टा कानांवरून गुंडाळून घेतला. शेजारची एक बाई दारात येऊन भांडण लागलं का, विचारून गेली. तिवशाची भिंतीला टेकून झोपी गेली. वडलांनी पोहे संपवले आणि चहा दोनदा घेतला.

निघताना जीपपाशी त्यांनी मला निकाल दिला. “दिवाळीपर्यंत ठेवतो. दिवाळीले घरी आली अन् म्हनली जमत नाई, तं मंग वापस नाई धाडत.”

“अन् जमतं म्हणाली तर?”

“मंग पाहू.”

मामांनी या ‘पाहू’वर मान डोलावली. त्यांचा दिवाळीवर फार विश्वास होता.

पुढचे दिवस मी त्या खोलीबाहेरून उगाचच फिरत असे. पंख्यावरून एकदा वाजलं, ते आपापसांत मिटलं. मोठं भांडण एकच झालं आणि त्याचा निवाडा करायला दोघी माझ्याकडे आल्या.

“मॅडम, मी शिकवून राहिली अन् हे घोरून राहिली,” अकोल्याची म्हणाली. “येवढा बेडूक मी पोटतिडकीनं सांगतो. वर्गातल्या पोट्ट्यायनं असं केलं असतं तं बाहीर काढलं असतं.”

“मी आयकतो,” तिवशाची म्हणाली.

“आयकतं? सांग मंग. बेडकानं किडा खाल्ला. पुढं?”

“तोंडातून घशात. घशातून अन्ननलिकेत. तिथून जठरात.”

“अन् जठरातून?”

तिवशाचीला रोज तिथंच झोप लागत होती. बेडकाचं पचन जठरापर्यंत तिला तोंडपाठ होतं. त्याच्या पुढचा बेडूक तिच्यासाठी अस्तित्वातच नव्हता. मी निवाडा दिला की उद्यापासून आतड्यापासून सुरुवात करावी. अकोल्याचीनं तो फेटाळला. म्हणाली, “शास्त्राले क्रम असते मॅडम.”

दिवाळीत वसतिगृह रिकामं झालं. सुट्टी संपली, मुली परतल्या, फराळाच्या डब्यांनी व्हरांडा भरला. परतवाड्याची आली, चांदूर रेल्वेची आवाज न करता आली. तिवशाची आली नाही. त्या संध्याकाळी अकोल्याची फाटकाजवळच्या कुंड्यांना पाणी घालत होती. कुंड्यांना पाणी घालणं हे तिचं काम नव्हतं, आणि सकाळीच रोपवाटिकेच्या मुलींनी ते घातलेलं होतं. कुंड्यांतून पाणी वाहून फाटकाबाहेर चाललं होतं. अकोल्याची चक्क गप्प राहिली, तेव्हा मला खरी काळजी लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी जीप आली. आधी मामा उतरले, मग वडील, मग पिठाचं एक पोतं, आणि पोत्यामागून ती.

“एक दिवस उशीर झाला,” वडील म्हणाले. “गिरनीची मोटर जळली होती. दिवाळीत कोनी नवी तार भरून देत नाई. तिवशात भटकलो, अमरावतीत भटकलो. अकोल्यावाल्या भाऊले बोंबलून फोन केला तं तिकून सांगे, काय तपासाचं ते. आज सुरू झाली.”

“म्हणजे इतके दिवस गिरणी बंद?”

“बंद. घरात अशी शांतता, की कोनालेच झोप नाई. मी जागा, हिची माय जागी, हे जागी. मंग हिनं त्या पोरीले फोन लावला अन् स्पीकरवर टाकला. म्हने, वाच.” भुवयांतलं पीठ त्यांनी उगाच झटकलं. “त्या पोरीनं बेडूक वाचला. काय सांगू मॅडम, मले बी झोप लागली. रोज वाचला तिनं. पन पोरगी धाडतो का नाई, ते मी कोनालेच सांगतलं नव्हतं.”

“मग काय ठरवलं?”

“ठरवाचं काय? पोतं उतरवलं ना.”

अकोल्याची धावत आली आणि धावत आल्याचं कुणाला दिसू नये म्हणून मधेच चालायला लागली. तिवशाची म्हणाली, “आली मी.” अकोल्याची म्हणाली, “दिसून राहिलं,” आणि तिच्या हातातली बॅग घेऊन आत गेली. थोड्या वेळानं आईच्या हातच्या अनारशांचा डबा घेऊन बाहेर आली आणि पाहुण्यांपुढे धरला. त्या दिवशी मामांचा उपास नव्हता.

दोघी खोलीत गेल्या. खिडकी उघडी होती. काही क्षणांतच आतून खणखणीत इंग्रजी वाक्य आलं आणि मागोमाग त्याची वऱ्हाडी. वडील खिडकीखालच्या ओट्यावर बसले आणि त्यांनी डोळे मिटले.

“चाला ना भाऊजी,” मामा म्हणाले. त्यांच्या हातात दुसरा अनारसा होता. “जीपवाला थांबून राहिला.”

“थांब जरा,” वडील डोळे न उघडता म्हणाले. “मी बी जठरापर्यंतच आयकलं आहे.”